रेल्वेच्या पटावर भिडू किती हवेत?

चौघे जमले तर मेंढीकोट, तिघे असले तर तीन-दोन-पाच, दोघेच उरले तर रमी. माणसं मोजून खेळ निवडायची सवय पत्त्यांनी आपल्याला लहानपणीच लावली आहे. रेल्वे कंपन्यांच्या शेअरवर चालणारे पटावरचे खेळ मांडताना मात्र ती हमखास विसरली जाते, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत '२ ते ६ खेळाडू' असं छापलेलं असतं. ते खोटं नसतं. नियमांप्रमाणे डाव दोघांतही पूर्ण होतो आणि सहा जणांतही. पण ते दोन डाव एकाच खोक्यातून निघालेले दोन निराळे खेळ असतात. हा फरक पाळी यायला किती वेळ लागतो एवढ्यापुरता नाही. माणसं बदलली की पटावरचा शेअरबाजारच बदलतो.

आधी या खेळांची तोंडओळख. फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज खेळरचनाकाराने १९७४ मध्ये '१८२९' नावाचा खेळ काढला. खेळाडूंनी रेल्वे कंपन्यांचे शेअर घ्यायचे, ज्याच्याकडे सर्वांत जास्त शेअर तो त्या कंपनीचा अध्यक्ष, आणि अध्यक्षाने त्या कंपनीच्या पैशातून रूळ टाकायचे, गाड्या विकत घ्यायच्या. १९८६ मध्ये ॲव्हलॉन हिल या अमेरिकन कंपनीने त्याचाच '१८३०' बाजारात आणला. हा अमेरिकेच्या ईशान्य भागातला. या दोघांपासून पुढे मोठं घराणं वाढलं. त्यातल्या बहुतेक खेळांची नावं अठराने सुरू होणारं एखादं साल असतात, म्हणून सगळ्या घराण्याला 'एटीन-एक्सएक्स' म्हणतात.

या घराण्यात आपल्या ओळखीचं एक सालही आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, आणि ट्रेशमचा '१८५३' हा खेळ भारतातल्या रेल्वेवर आहे. त्यात ब्रॉडगेज आणि मीटरगेज असे दोन्ही रूळ टाकता येतात, आणि शेअरच्या डावपेचांपेक्षा बांधकामाला जास्त महत्त्व आहे. मला हे फार समर्पक वाटतं. आपल्याकडच्या सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना, ग्रेट इंडियन पेनिन्सुलालासुद्धा, भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती. हमी असलेल्या शेअरमध्ये कसली आली धाकधूक! अमेरिकेतल्या '१८३०'मध्ये मात्र हमी कसलीच नाही, आणि म्हणून भिडूंच्या संख्येचा परिणाम तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

'व्यापार' खेळून मोठे झालेल्यांना एक गोष्ट आधी सांगायला हवी: इथे फासे नाहीत. नशिबाचा भाग जवळजवळ नाहीच. एक फेरी शेअरबाजाराची असते, मग एक ते तीन फेऱ्या कंपन्या चालवण्याच्या, पुन्हा बाजार. तुमचा खिसा वेगळा आणि कंपनीची तिजोरी वेगळी. शेवटी मोजायचं ते तुमच्या खिशातले पैसे आणि तुमच्या हातातल्या शेअरची किंमत. कंपनीच्या तिजोरीत काय उरलं याला कुणी विचारत नाही.

आता आकडे घेऊन बसू. समजा माझ्या कंपनीने या फेरीत २०० डॉलर कमावले आणि मी ते सगळे लाभांश म्हणून वाटले. कंपनीचे दहा भाग, म्हणजे शेअरमागे २० डॉलर. माझ्याकडे सहा शेअर, तुमच्याकडे दोन, उरलेले दोन अजून कुणी घेतलेले नाहीत. मला १२० मिळाले, तुम्हाला ४०. टेबलावर आपण दोघंच असू, तर या फेरीत तुम्ही माझ्या ८० डॉलर मागे पडलात. ते दोन शेअर घेऊन तुम्ही तोटा जरा कमी केलात, इतकंच. पण टेबलावर आणखी दोघे असतील, तर त्यांच्या तुलनेत तुम्ही ४० पुढे गेलात. माझी कंपनी चांगली चालावी असं आता तुम्हालाही वाटतं. तुमच्या कंपनीचा रूळ माझ्या रुळाला जोडून दिलात तर दोघांचं भलं होतं. भागीदारी म्हणतात ती इथे जन्माला येते, आणि तिला जन्म घेण्यासाठी टेबलावर किमान एक तिसरा माणूस लागतो.

दोघांच्या डावात हे घडूच शकत नाही. माझा फायदा तो तुमचा तोटा, बरोबर तेवढ्याच रकमेचा. शेअर हा शब्द तिथे नावापुरता राहतो आणि खेळ बुद्धिबळाच्या अंगाने जातो: अचूक हिशेब, दूरवरची आखणी, पण कुणाला राजी करणं नाही की कुणावर भरवसा टाकणं नाही. काहींना तो आवडतोही. पण तो खेळून '१८३०' आपल्याला कळला असं कुणी समजू नये.

या खेळातला सर्वांत गाजलेला डावपेच घेतला तर हे आणखी उलगडतं. अध्यक्षाला कंपनी दुसऱ्याच्या गळ्यात मारता येते. त्याचं असं आहे की गाड्या कालबाह्य होत जातात. चार क्रमांकाची पहिली गाडी कुणी घेतली की त्या क्षणी दोन क्रमांकाच्या सगळ्या गाड्या भंगारात जातात. पुढे सहा क्रमांकाची पहिली आली की तीनच्या जातात, आणि अकराशे डॉलरची डिझेल आली की चारच्या. जिला धावायला मार्ग आहे त्या कंपनीकडे गाडी असलीच पाहिजे, हा नियम आहे. तिजोरीत पैसे नसतील तर अध्यक्षाने स्वतःच्या खिशातून घालायचे. म्हणून हुशार अध्यक्ष काय करतो? कंपनीचे पैसे आधी कुठेतरी संपवतो, आणि शेअरबाजाराच्या फेरीत आपले शेअर धडाधड विकून टाकतो. मग ज्याच्याकडे सर्वांत जास्त शेअर उरले तो आपोआप नवा अध्यक्ष. गाडी आता त्याने घ्यायची, स्वतःच्या पैशाने.

पण यासाठी कुणाकडे तरी कंपनीचे किमान वीस टक्के शेअर असावे लागतात. तसा कुणी नसेल तर अध्यक्षाला अध्यक्षपदाचा शेअर विकताच येत नाही. दोघांच्या डावात समोरचा शहाणा माणूस धोक्याच्या कंपनीचा एकच शेअर जवळ ठेवतो, आणि विषय संपतो. तिघांत, चौघांत तसं करणं अवघड, कारण आपण दुसरा शेअर घेतला नाही तर तो तिसरा माणूस घेणार आणि चांगल्या दिवसांतला लाभांश खाणार. लोभ आणि धोका एकाच कागदावर येतात. इतर कुठल्याही खेळात मला हे इतकं नेमकं बांधलेलं आढळलेलं नाही.

सुरुवातीच्या पैशांचं गणित तर पाहण्यासारखं आहे. '१८३०'मध्ये भांडवल एकूण २,४०० डॉलर, ते खेळाडूंत सारखं वाटायचं. दोघांना १,२००, तिघांना ८००, चौघांना ६००, पाच जणांना ४८०, सहा जणांना ४००. कंपनी सुरू व्हायला तिचे साठ टक्के, म्हणजे सहा शेअर विकले जावे लागतात. शेअरची सुरुवातीची किंमत पहिला घेणारा ठरवतो, कमीत कमी ६७ आणि जास्तीत जास्त १००. आता गुणाकार करा. सर्वांत स्वस्त कंपनीचे सहा शेअर म्हणजे सहा गुणिले ६७, बरोबर ४०२. सहा जणांच्या डावात प्रत्येकाजवळ ४०० असतात!

म्हणजे सहा जणांत एकट्याच्या बळावर स्वस्तातली स्वस्त कंपनीसुद्धा उभी राहत नाही. शिवाय त्याआधी सहा छोट्या खासगी कंपन्यांचा लिलाव होतो. त्यांच्या छापील किमती २० पासून २२० पर्यंत, बेरीज ६२०, म्हणजे तिथेच बरेचसे पैसे जातात. मग पहिल्याच फेरीत तुम्हाला शेजाऱ्याकडे बघावं लागतं: हा माझ्या कंपनीत दोन शेअर घेईल का? त्याने का घ्यावेत? मी त्याच्यात घेतले तर तो माझ्यात घेईल का? चौघांत ६०० असतात, आणि लिलावात हात आखडता घेतला तर शंभराच्या भावाने अख्खे साठ टक्के एकट्याने उचलता येतात, शेवटच्या डॉलरपर्यंत. तिघांच्या डावात ८०० हातात असलेल्याला कुणाची मनधरणी करायची गरज नसते. सगळे आपापलं संस्थान उभारतात, आणि खरी लढाई उशिरा, गाड्यांवरून सुरू होते.

दुसरी मर्यादा कागदांची. एका खेळाडूने जास्तीत जास्त किती प्रमाणपत्रं बाळगायची हे ठरलेलं आहे: दोघांत २८, तिघांत २०, चौघांत १६, पाच जणांत १३, सहा जणांत ११. हे आकडे मनाला येईल तसे वाटतात, पण माणसांच्या संख्येने गुणून पाहा. ५६, ६०, ६४, ६५, ६६. खेळात आठ कंपन्या, प्रत्येकीची नऊ प्रमाणपत्रं (अध्यक्षाचं वीस टक्क्यांचं एक आणि दहा टक्क्यांची आठ), वर सहा खासगी, एकूण ७८. म्हणजे माणसं कितीही असोत, कागद सगळ्यांच्या हातात कधीच मावत नाहीत, आणि दर वेळी साधारण तेवढेच बाहेर राहतात. बाजाराचा एकूण आकार ट्रेशमने जवळपास सारखा ठेवला आहे.

बदलतो तो एकेकाचा वाटा. आपल्या कंपनीचे साठ टक्के धरून बसलात तर पाच कागद गेले. तिघांच्या डावात अजून पंधरा उरतात, सहा जणांच्या डावात फक्त सहा. तिथे प्रत्येक कागद निवडून घ्यावा लागतो, आणि कमी भावाचा शेअर टाकून जास्त भावाचा घ्यायला वेळीच तयार असावं लागतं.

गाड्यांचंही तसंच. दोन क्रमांकाच्या सहा, तीनच्या पाच. अशा अकरा गाड्या संपल्या की पहिली चार क्रमांकाची निघते आणि भंगार सुरू होतं. खेळाडू वाढले म्हणून गाड्या वाढत नाहीत. तिघांत प्रत्येकाकडे दोन-तीन कंपन्या येतात. एकाच माणसाच्या दोन कंपन्या एकमेकींना गाडी हव्या त्या किमतीला विकू शकतात, अगदी एक डॉलरलाही. त्यामुळे भंगाराची घटका कधी भरायची हे एकटा माणूस ठरवू शकतो. सहा जणांत एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक कंपनी, कुणाला तीही नाही. तिथे घड्याळ कुणाच्याच हातात नसतं, आणि 'आता पुढचा काय घेईल' या अंदाजावर सगळं चालतं. कंपनीच न काढता दुसऱ्यांच्या चार चांगल्या कंपन्यांत गुंतवणूक करून बसणं हाही तिथे इज्जतीचा मार्ग आहे. नवख्याला मी तोच सुचवतो.

माणसांप्रमाणे खेळ जुळवून घ्यायची ट्रेशमची रीत ही अशी: पट तोच, गाड्या त्याच, फक्त पैसे वाटून द्यायचे आणि कागदांवर मर्यादा घालायची. टॉम लेहमनच्या '१८४६'ची रीत उलटी आहे. तो शिकागोच्या आसपासच्या प्रदेशात चालतो आणि तीन ते पाच जणांसाठी आहे. तिथे माणसं कितीही असली तरी प्रत्येकाला सुरुवातीला ४०० डॉलरच मिळतात. बदलतं ते सामान. पाच जण असले तर सात कंपन्या, चौघांना सहा, तिघांना पाच. बँकेतले पैसेही पाच जणांना ९,०००, चौघांना ७,५०० आणि तिघांना ६,५००. त्यामुळे तिघांतही खेळ आवळलेला राहतो. तिघांसाठी कुठला घ्यावा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: '१८४६'.

मार्टिन वॉलेसच्या 'एज ऑफ स्टीम'ने (२००२) तिसरीच वाट धरली: फेऱ्या बदलायच्या. तिघांना दहा, चौघांना आठ, पाच जणांना सात, सहा जणांना सहा. इथे दुसऱ्याच्या कंपनीचे शेअर घेता येत नाहीत. आपणच आपले शेअर काढून कर्जासारखे पैसे उभे करायचे आणि दर फेरीला शेअरमागे एक डॉलर भरत राहायचा. पण पाळीचा क्रम ठरवणारा लिलाव पाहा. शेवटपर्यंत टिकलेले दोघे पूर्ण बोली भरतात, सर्वांत आधी बाहेर पडणारा काहीच भरत नाही, मधले निम्मी भरतात. तिघांच्या डावात मधलं कुणी उरतच नाही! एक तर पूर्ण भरा, नाहीतर फुकटात शेवटचे व्हा. नियमाचं एक अक्षरही न बदलता लिलावाचा स्वभाव बदलला. या खेळाचे खास दोघांसाठी आणि अगदी एकट्यासाठी काढलेले नकाशेही आहेत: सेंट लुसिया दोघांचा, बार्बाडोस एकट्याचा. संख्येचा प्रश्न नकाशा बदलून सोडवायचा हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

इतका वेळ नसेल आणि तरी शेअरची गंमत हवी असेल, तर हॅरी वू यांचा 'शिकागो एक्स्प्रेस' घ्या. तासाभरात संपतो. नियम थोडे आहेत आणि त्यात संख्येचा परिणाम पहिल्या पाच मिनिटांत दिसतो. एकूण १२० डॉलर सगळ्यांत वाटायचे आणि चार कंपन्यांच्या एकेका शेअरचा लिलाव करायचा. चौघे असतील तर प्रत्येकाला एकेक मिळू शकतो. तिघांत कुणाच्या तरी हाती दोन. पाच जणांत किमान एक जण रिकामा राहतो, सहा जणांत किमान दोघे.

या रिकाम्या माणसाची दया येऊ देऊ नका, कारण रोकड त्याच्याचकडे आहे. तो आपल्या पाळीला सर्वांत कमावत्या कंपनीचा दुसरा शेअर लिलावाला काढतो. कंपनीची कमाई १२ डॉलर असेल, तर काल एका शेअरला १२ मिळत होते, आज दोघांना सहा-सहा. तिसरा निघाला की चार-चार. आधीच्या मालकाला आपला वाटा वाचवायचा असेल तर चढी बोली द्यावी लागते, आणि बोलीचे पैसे कंपनीच्या तिजोरीत जातात, ज्यातून ती पुढचे रूळ टाकते. एका खेळीत वाटा पातळ झाला आणि कंपनी धष्टपुष्ट झाली. हे चांगलं की वाईट, ते तुमच्याकडे किती शेअर आहेत आणि बाकीच्यांकडे किती यावर ठरतं. दोघांच्या डावात मात्र एक विचित्र कोंडी होते: ज्या कंपनीचा एकेक शेअर दोघांकडे आहे ती वाढवून काय मिळणार? दोघांनाही तेवढेच पैसे, म्हणजे फरक शून्य. ती कंपनी मग पटावर तशीच पडून राहते.

तिघांच्या डावाबद्दल एक सावधगिरी, कुठलाही खेळ असो. तिथे एक दुसऱ्यावर तुटून पडला की फायदा बसल्या जागी तिसऱ्याला मिळतो. भांडणारे दोघेही खर्च करतात, बघणारा काहीच नाही. म्हणून मुरलेले खेळाडू तिघांत असताना हल्ला शेवटपर्यंत राखून ठेवतात, आणि नवखे पहिल्या तासातच एकमेकांचे शेअर पाडत बसतात. शिकवणारे तुम्ही असाल तर एवढं आधीच सांगून टाका.

मुलांबरोबर किंवा पाहुण्यांबरोबर पहिल्यांदाच मांडणार असाल तर ॲलन मून यांच्या 'टिकेट टू राइड'पासून सुरुवात करायला हरकत नाही. २००४ साली त्याला जर्मनीचं 'श्पील देस यारेस' पारितोषिक मिळालं. त्यात शेअर नाहीत, फक्त मार्ग जोडायचे. संख्येची काळजी तो एका साध्या नियमाने घेतो: दोन शहरांमधले दुहेरी मार्ग चार किंवा पाच जण असतील तरच दोन्ही खुले, दोघे-तिघे असतील तर एकाने एक घेतला की दुसरा बंद. म्हणून कमी माणसांतही पट गजबजलेला राहतो. याचा भारताचाही नकाशा आहे, पण तो चौघांपर्यंतच.

पाच-सहा जणांत '१८३०' मांडायचाच असेल तर अख्खा रविवार हातात ठेवा आणि कामं वाटून घ्या. एकाने फक्त बँक सांभाळायची, एकाने बाजारभावाचा तक्ता, एकाने रुळांचे तुकडे. कागदी नोटांऐवजी पोकरच्या चकत्या वापरा. मोजणी झटपट होते आणि समोरच्याकडे किती आहेत ते लांबून दिसतं, जे या खेळात फार महत्त्वाचं. माणसं एका गावात नसतील, पुण्यात दोघे, न्यू जर्सीत एक, बंगळुरूत एक अशी विखुरलेली असतील, तर 'एटीन-एक्सएक्स डॉट गेम्स' या संकेतस्थळावर हे खेळ फुकट खेळता येतात. तिथे दिवसाला एक-दोन खेळ्या करत डाव सवडीने चालवता येतो. हिशेब यंत्र करतं, त्यामुळे सहा जणांची अडचण तिथे जवळजवळ उरत नाही.

आणि सात जण आले तर? ओढूनताणून एकाच पटाभोवती बसू नका. दोन टेबलं मांडा: चौघांना '१८३०', तिघांना '१८४६'.